शिट्टीतला कापूस

६ जानेवारी

आजपासून मी रीतसर संशोधक झाले. पुरावा म्हणून पांढरा कोट मिळाला आहे. त्याच्या बाह्या माझ्या बोटांच्या पुढे जातात आणि खिशाला आधीच्या कुणाच्या तरी पेनाचा निळा डाग आहे. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर, लांबट खोली, दोन्ही बाजूंना ओटे, मधे सतत गुरगुरणारा फ्रीज. माझा ओटा खिडकीजवळ. शेजारच्या ओट्यावर एक इतका उंच मुलगा बसतो की डोकं आपटू नये म्हणून त्याने वरच्या फळीच्या कडेला स्पंज चिकटवून घेतलाय. सगळे त्याला लंबू म्हणतात, म्हणून मीही म्हणायला लागले. बोलतो फारच कमी. माझ्या शेजारी असाच माणूस हवा, म्हणजे दोघांचा मिळून हिशेब बरोबर.

आमच्या प्रमुख म्हणजे मॅडम. ठेंगण्या, केस पिकलेले, चालणं सैनिकाचं. त्यांनी मला उभ्या उभ्या काम समजावलं. पेशीला वाढायचं असलं की काही एंझाइमं एकमेकांना फॉस्फेटचे बिल्ले लावत सुटतात. बिल्ला लागला की निरोप पुढे जातो, वाढा, एकाच्या दोन व्हा. दुसऱ्या जातीची एंझाइमं मागून येऊन ते बिल्ले काढून घेतात. म्हणजे पुरे, आता थांबा. हे काढणारं एंझाइमच बिघडलं तर पेशीला थांब म्हणणारं कुणी उरत नाही. ती वाढतच राहते आणि कॅन्सरची वाट मोकळी होते.

माझ्याकडे एका गाठीतून आलेल्या पेशी आहेत. त्यांच्यात हे काढणारं एंझाइम नाहीच. मी त्यांच्यात त्याचं धडधाकट जनुक घालायचं, आणि तयार झालेलं एंझाइम खरंच बिल्ले काढतं हे आकड्यांत दाखवायचं. मार्चअखेरीस परीक्षकांची समिती येणार. दाखवता आलं तर काम पुढे चालू, नाही तर बंद. माझी जागा या कामावरच आहे, तेव्हा काम बंद म्हणजे मीही बंद आणि पुन्हा शिकवण्या. तशी वेळ येणार नाही म्हणा. जनुक घालायचं, मोजायचं, झालं.

घरी येऊन आत्याला हे सगळं सांगत होते. बिल्ल्यांपर्यंत पोचले तेवढ्यात तिने शिट्टी वाजवली. 'टकळे, हात धू आणि जेवायला बस.'

९ जानेवारी

शिट्टीबद्दल लिहायला हवं, नाही तर म्हातारपणी ही डायरी वाचताना मलाच खरं वाटणार नाही. आत्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. निवृत्त झाली तेव्हा गळ्यातली पितळी शिट्टी तेवढी घरी घेऊन आली. ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेली असते. बाबांनी गोडाच्या डब्याला हात लावला की शिट्टी. मी फोनवर फार वेळ बोलले की शिट्टी. नळ वाहत राहिला, दिवा जळत राहिला, बाबा आणि मी वाद घालत राहिलो, शिट्टी. बाबा तिचे धाकटे भाऊ आहेत, साखरेचा आजार आहे आणि हट्ट सहा वर्षांच्या मुलाचा. आई आजारी पडली तेव्हा आत्या चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आली, ती आजतागायत. मी तेव्हा शाळेत होते.

आई याच रोगाने गेली. त्या वेळी मला वाटायचं, बाहेरून काहीतरी येऊन तिला खाऊन गेलं. आता कळतं की बाहेरून कुणीच आलं नव्हतं. तिच्याच काही पेशींना पुरे म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. हे कळल्यापासून मला या कामाशिवाय दुसरं काही करावंसंच वाटत नाही. मॅडमना मुलाखतीत हे सांगितलं नाही. उगाच तिथेच रडले असते.

१६ जानेवारी

आज लंबूने मला द्रावण बनवायला शिकवलं. आमच्याकडे एक मोठी बाटली असते, झाकणावर 'सगळ्यांची' असं लिहिलेली. पेशी फोडायच्या तर याच द्रावणात, आणि धुवायचं तेही यातच. दर आठवड्याला कुणीतरी एकाने ती भरायची. त्यात व्हॅनाडेट नावाचं औषध घालावं लागतं आणि त्याचे नखरे नव्या नवरीपेक्षा जास्त. ते विरघळवलं की पिवळं होतं. मग रंग जाईपर्यंत उकळायचं, गार करायचं, पुन्हा आम्लता जुळवायची, पुन्हा पिवळं, पुन्हा उकळायचं. एवढा खटाटोप कशासाठी म्हणून विचारलं. लंबू म्हणाला, पेशी फोडली की आतली बिल्ले काढणारी एंझाइमं मोकाट सुटतात आणि आपण मोजायच्या आत सगळे बिल्ले काढून टाकतात. व्हॅनाडेट घातलं की ती जागच्या जागी गप्प बसतात. इथे सगळ्यांना बिल्लेच मोजायचे असतात, म्हणून ते कायम बाटलीत हवं.

माझं द्रावण पाण्यासारखं नितळ झालं. लंबूने बाटली उजेडात धरून बघितली आणि मान डोलावली. त्याच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच झाला.

२४ जानेवारी

जनुक आत गेलं. आता पेशींच्या दोन वसाहती आहेत. एकीत चांगलं एंझाइम, दुसरीत मुद्दाम मोडकं ठेवलेलं, तुलनेसाठी. दोन्ही चपट्या बाटल्यांत गुलाबी पाण्यात बसून आहेत आणि मी दिवसातून चारदा जाऊन त्यांना बघते. लंबू म्हणतो, सारखं दार उघडलं की त्यांना गारठा लागतो. खरं तर तो एवढंच म्हणाला, 'गारठा.'

आज तो डबा जास्तीचा घेऊन आला होता आणि मला खावा लागला. परवाही असंच झालं. त्याच्या आईला अंदाज येत नाही बहुतेक.

१ फेब्रुवारी

घरात शिट्टीने कहर केलाय. काल माझा एक महत्त्वाचा फोन होता, म्हणजे मैत्रिणीचा, पण महत्त्वाचा. ऐन रंगात आलेला असताना आत्या कानाशी येऊन वाजवून गेली. बाबांचा वाढदिवस होता आणि त्यांना केकचा दुसरा तुकडासुद्धा मिळाला नाही. पाहुण्यांसमोर शिट्टी. बाबा लालबुंद.

आज आत्या बाजारात गेली तेव्हा बाबांनी आणि मी खिळ्यासमोर उभं राहून खलबत केलं. शेवटी मी शिट्टीच्या पोटात कापसाचा छोटा बोळा ठासून भरला. पेनाच्या टोकाने आत ढकलला, बाहेरून काही दिसत नाही. फेकली असती तर तिने नवी आणली असती. ही डोळ्यांसमोर आहे, खिळ्याला आहे, फक्त वाजत नाही. बाबा हसून हसून खुर्चीत कोसळले.

दुपारी बाबांनी गोडाचा डबा उघडला. आत्याने शिट्टी फुंकली, फुस्स झालं. पुन्हा फुंकली. तिने ती उलटसुलट करून बघितली, आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं, आणि काही न बोलता खिळ्याला अडकवून ठेवली. इतकी मजा आली.

४ फेब्रुवारी

आत्या तिच्या मैत्रिणीकडे निघाली आहे. ही मैत्रीण तिच्याबरोबर शाळेत होती, आता दुसऱ्या गावात एकटी राहते. तिने पूर्वीही बोलावलं होतं, तेव्हा आत्या कधी गेली नाही, आणि आता अचानक हुक्की आली. मी म्हटलं, जा गं, मजा कर, इथली काळजी करू नकोस, आमचं मस्त चालेल. ती म्हणाली, 'हो, तुमचं मस्तच चालेल.' किती दिवस ते काही बोलली नाही. बॅगेत हिवाळी आणि उन्हाळी दोन्ही कपडे भरले. तिचा नेहमीचा व्यवस्थितपणा. शिट्टी मात्र विसरली, खिळ्यालाच आहे.

बस सुटल्यावर बाबा आणि मी घरी येताना आइसक्रीम खाल्लं. बाबांनी दोन.

१३ फेब्रुवारी

पहिली मोजणी. पेशी फोडायच्या, त्या सूपमधून आपलं एंझाइम बारीक मण्यांना चिकटवून बाहेर काढायचं, मणी नीट धुवायचे, मग त्यांना बिल्ला लावलेला खाऊ द्यायचा. एंझाइमने बिल्ला काढला की तो पाण्यात सुटतो, आणि मग वरून घातलेलं रंगाचं पिवळं पाणी हिरवं होतं. इतकं सोपं.

पिवळं राहिलं. चांगल्या एंझाइमचं पिवळं, मोडक्याचंही पिवळं, जुळ्या बहिणी. विकत आणलेलं तयार एंझाइम त्याच्याच डबीतल्या पाण्यात घालून शेजारी ठेवलं होतं, ते गर्द हिरवं झालं. म्हणजे मोजणीची पद्धत ठीक आहे. गडबड माझ्या एंझाइममध्येच आहे.

पहिल्यांदा कुणाचंच जमत नाही, असं मॅडम म्हणाल्या. मी फार मनाला लावून घेतलं नाही. थोडंसं घेतलं.

२० फेब्रुवारी

पुन्हा पिवळं. या वेळी जनुक नव्याने बनवून घातलं होतं, एकेक अक्षर तपासून. बरोबर होतं.

गंमत म्हणजे पेशींकडे बघितलं तर त्या सुधारल्यात. मोडक्या एंझाइमवाल्या पेशी एकमेकींच्या डोक्यावर चढून बसल्यात, जागा नाही तरी वाढतायत, सेलच्या दुकानात गर्दी व्हावी तशा. आणि चांगल्या एंझाइमवाल्या शहाण्यासारख्या एका थरात पसरल्यात. शेजारणीला अंग टेकलं की थांबतात. मी मॅडमना ओढत सूक्ष्मदर्शकाशी नेलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, थांबलेली पेशी आणि आजारी पेशी लांबून सारख्याच दिसतात. त्यांना बधिर करणारं काहीतरी तू घातलं नसशील कशावरून? आकडा आण.

जाता जाता त्यांनी एक सांगितलं ते लिहून ठेवते. 'हे एंझाइम वाढीचं वैरी नाही. वाढ हवीच. जखम भरते ती वाढीनेच. कधी थांबवायचं आणि कधी सोडून द्यायचं, हे त्याला कळतं, म्हणून ते मोलाचं.'

लंबू काहीतरी विचारत होता, तुझ्या कामासाठी द्रावण वेगळं लागतं का वगैरे. त्याचा आठवडा होता बाटली भरायचा. बिचारा स्वतःला दोष देत असणार. मी त्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, तुझं द्रावण एकदम झकास असतं, त्याची अजिबात काळजी करू नकोस. तो लाल झाला आणि बाटली भरायला लागला.

२७ फेब्रुवारी

घरात मजा चालली आहे, तरी काहीतरी बिनसल्यासारखंही वाटतं. बैठकीतला दिवा रात्रभर जळतो. बाबांनी टीव्हीसमोर बिस्किटांचं दुकान मांडलंय. काल आम्ही दोघं खुर्ची कुठे ठेवायची यावरून भांडलो ते एवढं लांबलं की शेवटी कशावरून भांडतोय तेच दोघांना आठवेना. मध्येच थांबून दोघांनीही स्वयंपाकघराकडे बघितलं. तिकडे कुणी नव्हतं.

आत्याला फोन केला. कधी येतेस विचारलं. म्हणाली, 'बघू. माझ्यावाचून काही अडत नाही ना तिथे?' मी म्हटलं, छे गं, आम्ही मजेत आहोत. ती म्हणाली बरं आहे मग, आणि फोन ठेवला. ती तिथे चांगलीच रमलेली दिसतेय.

५ मार्च

पिवळं.

९ मार्च

पिवळं. या वेळी मणी बदलले, खाऊ बदलला, बर्फ बदलला, ओटा पुसला, नशीबसुद्धा पुसायचा प्रयत्न केला. रविवारी जाऊन मोजलं, तरी पिवळं. मला आता पिवळ्या रंगाची चीड यायला लागली आहे. भिंतसुद्धा पिवळी आहे ही, आज लक्षात आलं.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त लागलं. समितीला रिकाम्या हाताने सामोरं जाता येणार नाही, म्हणाल्या. पुढच्या आठवडाभरात हिरवं दिसलं नाही तर त्या स्वतःच काम मागे घेतील, म्हणजे निदान प्रयोगशाळेची अब्रू राहील. माझ्यासाठी दुसरीकडे कुठे शब्द टाकतील. मी हो म्हटलं, बाहेर आले आणि पेशींच्या खोलीत जाऊन रडले. तिथे कुणी येत नाही असं वाटलं होतं. लंबू आला. त्याने मला हातमोज्यांच्या खोक्यातून एक मोजा काढून दिला, रुमाल नव्हता म्हणून. मोज्याने डोळे पुसता येत नाहीत, पण हसू आलं.

त्या पेशी मात्र बघाव्यात तेव्हा एका थरात शहाण्यासारख्या बसलेल्या. त्या खोटं बोलत नाहीत असं माझं मन सांगतं. पण मनाचं कोण ऐकतं?

१५ मार्च

सकाळी बाबा जिन्यात मटकन खाली बसले. चक्कर आली. शुद्ध गेली नव्हती, पण घसा कोरडा पडलेला, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टर शेजारच्याच गल्लीत असतात. त्यांनी रक्त तपासलं आणि साखरेचा चढलेला आकडा बघून चष्मा कपाळावर सरकवला. बाबांना विचारलं, 'तुमच्या ताई कुठे आहेत हल्ली?' बाबांनी जमिनीकडे बघत सांगितलं, मैत्रिणीकडे. डॉक्टर मला म्हणाले, मग तू तरी लक्ष ठेव. मी प्रयोगशाळेतून घरी येते तेव्हा ते झोपलेले असतात. मी काय लक्ष ठेवलं असेल ते देवालाच ठाऊक. फार भीती वाटली आज. आई गेली त्यानंतर पहिल्यांदाच इतकी.

दुपारी बाबांना निजवलं आणि स्वयंपाकघरात आले, तर मागे पावलं वाजली. बाबा. डब्याकडे निघालेले. औषध घेऊन तास झाला नव्हता. मला काही सुचेना. खिळ्यावरची शिट्टी काढली आणि जोरात फुंकली.

फुस्स.

पुन्हा फुंकली. वाजेना. बाबा मला म्हणाले, 'गंजली वाटतं.' मीही म्हटलं, हो, बिघडलीच दिसते, एक नवी आणायला हवी. आम्ही दोघं शहाणे तिथे उभे राहून त्या शिट्टीची चर्चा करत होतो, पितळ गंजतं की नाही वगैरे. आणि मग मला आठवलं. मी पिन घेऊन बोळा ओढून काढला. ओला, काळपट, चांगला फुगलेला. फुंकर मारली तर खणखणीत वाजली. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

बाबा हळूच खुर्चीवर बसले. मग म्हणाले, 'ताई मजेसाठी नाही गेली गं.' हे त्यांना कधीचं कळलं होतं आणि मला आज कळलं. आत्या शिट्टी विसरली नव्हती. टांगून ठेवली होती.

१६ मार्च

हे नीट लिहायला हवं.

सकाळी ओट्याशी उभी होते. डोक्यात अजून शिट्टीच होती. मोजणीसाठी 'सगळ्यांची' बाटली खाली घेतली, झाकण काढलं, आणि मनात वाक्य चाललं होतं, शिट्टी बिघडली नव्हती, आपणच कापूस घातला होता आणि आपणच विसरलो. हात हवेत थांबला.

बाटलीत व्हॅनाडेट. बिल्ले काढणाऱ्या एंझाइमांना गप्प बसवणारं व्हॅनाडेट. माझं एंझाइम म्हणजे बिल्ले काढणारंच की. मी त्याला पेशीतून बाहेर काढत होते ते यात, धुवत होते ते यात, आणि मग त्याच्यापुढे खाऊ ठेवून म्हणत होते, हं, आता काढ बिल्ला. इतके आठवडे. आणि ते व्हॅनाडेट मी स्वतः उकळलं होतं, नितळ झालं म्हणून खूश झाले होते. बाकीच्यांना बिल्ले राखायचेच असतात, म्हणून कुणाला खटकलं नाही. मला तरी खटकायला हवं होतं.

मी लंबूकडे वळले. म्हटलं, त्या दिवशी तू द्रावणाचं काय विचारत होतास? तो म्हणाला, 'हेच. पण तू म्हणालीस झकास असतं.'

मोजून उरलेले जुने मणी बर्फात होते. लंबू म्हणाला, व्हॅनाडेट धुऊन जातं, ते एंझाइमला मारत नाही. आम्ही दोघांनी साधं द्रावण बनवलं, औषधाशिवाय. मणी धुतले, पुन्हा धुतले. चांगले एकीकडे, मोडके शेजारी. खाऊ दिला. मग रंगाचं पाणी घातलं आणि मी पाठ फिरवून उभी राहिले, बघवेना म्हणून.

लंबू म्हणाला, 'बघ.'

हिरवं. मोडक्याचं पिवळंच, आणि शेजारी चांगल्याचं हिरवं, हिरवंगार. त्याला काही झालं नव्हतं. इतके दिवस ते धडधाकट होतं आणि मीच त्याला गप्प बसवलं होतं. मी लंबूला मिठी मारली. तो सरळ उभा राहिला तेव्हा त्याचं डोकं फळीला आपटलं, नेमकं जिथे स्पंज नाही तिथे.

मॅडमना सांगितलं. त्यांनी विचारलं, मोडकं शेजारी ठेवलं होतंस ना? ठेवलं होतं. नव्याने पेशी फोडून पुन्हा करशील? करीन. मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, 'तुला ती बाटली पहिल्या दिवशी मीच दाखवली होती.' त्यांना हसताना मी आज पहिल्यांदा पाहिलं.

१८ मार्च

नव्या पेशी, नवं द्रावण. हिरवं. पुन्हा हिरवं. पण मी सुट्टी मागितली. मॅडम म्हणाल्या, समिती तोंडावर आली असताना? मी म्हटलं, एकच दिवस, माणूस आणायचाय.

१९ मार्च

आत्याच्या मैत्रिणीचं घर छोटं, समोर दोन कुंड्या, आत दोन खुर्च्या. आत्या बाहेर आली, मला बघून आधी घाबरली, मग बाबांचं विचारलं. मी सांगितलं. घरून निघाली तेव्हापेक्षा बारीक झाली होती. मला वाटलं होतं ती तिथे मजेत असेल.

मी काय काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काही बोलले नाही. खिशातून शिट्टी काढून तिच्या हातात ठेवली आणि म्हटलं, 'आत्या, कापूस मी घातला होता. चुकलं माझं. तू घरी चल.'

'मला माहीत होतं,' ती म्हणाली. 'पेनाची शाई लागली होती आत.'

'मग बोलली का नाहीस?'

'बोलायला काय उरलं होतं? घरात कुणाला ऐकायचंच नसेल तर नुसती गळ्यात घालून मिरवायची का ती?'

मला रडू फुटलं. तिने मला रडू दिलं, बराच वेळ दिलं. मग तिने शिट्टी ओठांना लावली आणि वाजवली, अगदी हळू, मैत्रीण आत झोपली होती म्हणून. 'पुरे. बॅग भरायला लाग.'

२७ मार्च

काल समिती येऊन गेली. तीन जण, तिघांचेही चेहरे इस्त्री केलेले. मी पिवळ्या आणि हिरव्याची गोष्ट सांगितली, पेशींचा एक थर दाखवला, आणि बाटलीची चूकही लपवली नाही. त्यांच्यातले एक जण पहिल्यांदाच पुढे झुकले आणि म्हणाले, आमच्याकडे हे एक वर्ष चाललं होतं. आज निकाल आला. काम पुढे चालू. मी आहे.

'सगळ्यांची' बाटलीशेजारी आता एक छोटी बाटली उभी आहे, झाकणावर नाव माझं. अक्षर लंबूचं.

२९ मार्च

आत्याने लंबूला जेवायला बोलावलं होतं. आभार मानायचे म्हणाली. तो दारातून वाकून आला तरी दिव्याला धडकला. बाबांनी त्याला टीव्हीसमोर बसवून आमच्या खुर्चीच्या भांडणातली स्वतःची बाजू ऐकवली. जेवताना त्याने तिसऱ्यांदा भात घेतला. मी शिट्टीची वाट बघत होते. वाजली नाही. बाबांनी केकसाठी दुसऱ्यांदा हात पुढे केला, तर वाजली.

मग मी त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले. तिथे आम्ही बोलत उभे राहिलो, म्हणजे मीच बोलत होते, आणि मग चक्क तोही बोलला, सलग, कितीतरी वेळ. त्याच्या आईला डब्याचा अंदाज व्यवस्थित येतो असंही त्यातून कळलं. मग तो मुद्दाम जास्तीचा कशाला आणतो, ते विचारायचं राहिलं. आत्या सारा वेळ खिडकीत उभी, शिट्टी गळ्यात. एवढा उशीर मी फोनवर केला असता तर तिने गल्ली जागी केली असती. पण नाही.

शिट्टीचं पुन्हा काही बिनसलं की काय, म्हणून आत आल्यावर मी ती मागून घेतली आणि उजेडात धरून बघितली. कापूस नव्हता. वाजवून पाहिली, खणखणीत वाजली. म्हटलं, मग आत्ता का नाही वाजवलीस?

आत्याने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा गळ्यात घातली. म्हणाली, 'टकळे, प्रत्येक वेळी वाजवायची नसते.' आणि बाबांच्या हातातला केक काढून घ्यायला आत गेली.

आता याचा अर्थ काय, ते उद्या लंबूला विचारते. त्याला आत्याचं बोलणं माझ्यापेक्षा बरं कळतं.